तिसरी खोली हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथरोगाच्या तयारीची चर्चा निघाली की ऑक्सिजनच्या टाक्या, अतिदक्षता विभागातल्या खाटा, चाचण्यांची क्षमता यांचे आकडे मांडले जातात. बाळंतिणींच्या वाट्याला ‘गरोदर मातांची विशेष काळजी घ्यावी’ एवढे एक वाक्य येते. असली वाक्ये २०२० च्या कोविड साथीतही होती. ती कुठे अडली आणि काय केले असते तर अडली नसती, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

नियम नव्हता असे कुणी म्हणू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ मे २०२० च्या सूचनेत लिहिले होते की चाचणी झालेली नाही म्हणून प्रसूतीसह कोणतीही तातडीची प्रक्रिया लांबवू नये. नमुना त्याच वेळी पाठवावा. चाचणीची सोय नाही म्हणून गरोदर स्त्रीला दुसरीकडे पाठवू नये, हेही सप्टेंबरच्या सूचनेत आले. त्याच्या कितीतरी आधी, १९८९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात तातडीचे उपचार हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले आहे. तरीही कळा सुरू झालेल्या बाया रिक्षात बसून या दारातून त्या दारात फिरल्या.

याला निव्वळ निर्दयपणा म्हणून मोकळे होता येत नाही. दहा खाटांचे प्रसूतिगृह घ्या : एक डॉक्टर, चार परिचारिका, दोन मावश्या. पहिल्या लाटेत बाळंतपण झाल्यावर बाई बाधित निघाली तर सगळा ताफा १४ दिवस विलगीकरणात आणि दाराला कुलूप. अहवाल यायला एक-दोन दिवस, कधी जास्त. तेवढ्या काळात ती बाई कुणाचीच नसे. साधे रुग्णालय म्हणे अहवाल दाखवा, कोविड रुग्णालयही म्हणे अहवाल दाखवा. मुंबईच्या नायर रुग्णालयात बाधित मातांची शेकडो बाळंतपणे झाली. बाधित बाईला जागा होती, निरोगी बाईलाही होती. जिचा अहवाल यायचा होता तिला नव्हती.

म्हणून जिथे बाळंतपणे होतात अशा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि प्रसूतिगृहात तिसरी खोली हवी, ‘अहवाल यायचा आहे’ अशा बाईसाठी. तिचे दार थेट बाहेर उघडावे, व्हरांड्यातून जावे लागू नये. खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा हवा; वातानुकूलन नको. आत एक टेबल, बाळासाठी वॉर्मर, घशातला स्राव ओढणारे सक्शन, ऑक्सिजन, हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग आणि तिला लावायचे नवजाताचे ० व १ क्रमांकाचे मास्क. औषधांचा ट्रे आधीच भरलेला : रक्तस्राव आवरायला ऑक्सिटोसिन (हे फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर, पण हाताशी), मिझोप्रोस्टॉल, ट्रॅनेक्झामिक ॲसिड आणि झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटचे दहा ॲम्प्यूल (काचेच्या कुप्या). दहाच का? ५० टक्क्यांच्या दोन मिलिच्या ॲम्प्यूलमध्ये एक ग्रॅम असते आणि झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस दहा ग्रॅमचा, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. पीपीई (संरक्षक पोशाख) घातलेली परिचारिका औषध शोधायला कोठीपर्यंत जाऊन परत येऊ शकत नाही. निघायचे तर सगळे उतरवा, परत घाला. तेवढ्यात बाळ बाहेर येते.

पीपीईच्या आत काम कसे होते हे आराखडे लिहिणाऱ्यांनी एकदा पाहावे. डोक्यावर टोपडे चढले की स्टेथोस्कोप कानात जात नाही, म्हणून बाळाचे ठोके ऐकायला हातात धरायचा डॉप्लर अनिवार्य. गॉगलवर वाफ धरते आणि किती रक्त गेले याचा नजरेचा अंदाज चुकतो; पॅड मोजूनच ठेवावे लागतात. पार्टोग्राफचा, म्हणजे कळांच्या प्रगतीच्या नोंदीचा, कागद बाहेर नेता येत नाही. काचेतून त्याचा फोटो काढायचा. पहिलटकरणीच्या कळा बारा तास चालू शकतात, पोशाख चार-सहा तासांपलीकडे सोसत नाही. म्हणजे पाळी बदलायला माणूस लागतो. एक प्रसूती करणारी, एक बाळाकडे बघणारी आणि एक दाराबाहेर हाताखाली : तिघींखाली हिशेब जमत नाही.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला पाच प्रश्न पाठ असावेत. कळा येताहेत का? पाणी गेले का? रक्त जाते का? झटका आला का? बाळाची हालचाल कमी वाटते का? एकालाही ‘हो’ आले की तोंडाला मास्क लावून थेट तिसऱ्या खोलीत. कागदपत्रे आणि नमुना मागाहून. पुढे पाठवायचेच झाले तर समोरच्या रुग्णालयाने फोनवर खाट कबूल केल्याशिवाय हलवू नये, आणि चिठ्ठीत दिलेले औषध व वेळ लिहावी.

आपल्याकडची एक अडचण परदेशी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. नाव सासरच्या उपकेंद्रात, सोनोग्राफी तिकडच्या डॉक्टरांकडे. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली, जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. कुणी माहेरी पोचली पण कार्ड सासरीच राहिले, कुणाची निघायची तारीखच टळली. ‘तुमचे नाव आमच्याकडे नाही’ हे उत्तर अशांनाच जास्त मिळाले. ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बायांचे तर गाव एकीकडे आणि फड दुसरीकडे. त्यांना परतायची मुभा एप्रिलच्या मध्यावर मिळाली. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातले बाळंतपण मोफत आहे आणि त्याला आधीच्या नोंदणीची अट नाही, हे फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहावे. माता-बाल कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो घरातल्या दोन मोबाइलवर असावा. रक्तगट, हिमोग्लोबिन आणि शेवटच्या पाळीची तारीख एवढे मिळाले तरी अनोळखी डॉक्टरचे निम्मे काम होते.

तपासण्या बुडाल्याचे नुकसान लगेच दिसत नाही. गोळ्यांचे सोपे आहे : चौथ्या महिन्यापासून लोहाच्या १८० गोळ्या द्यायच्याच असतात, त्यातल्या ९० एकदम हाती द्याव्यात. रक्तदाबाला मात्र फोनवरून उपाय नाही. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० च्या वर गेला तरी बाईला काहीच जाणवत नाही. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली दुखणे ही लक्षणे येईपर्यंत उशीर झालेला असतो. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी ऑक्सिमीटर आणि तापमापक फिरले. त्याच फेरीत गरोदर बाईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायला दोन मिनिटे लागली असती. ऑक्सिमीटरचेही एक ध्यानात ठेवावे : इतरांना ९४ चालून जाते, गरोदर बाईला ९५ च्या खाली जाऊ द्यायचे नाही.

रक्ताचा तुटवडा तर तारखेनिशी सांगता आला असता. साध्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते. टाळेबंदीपूर्वी २४ मार्चला घेतलेली पिशवी २८ एप्रिलला बाद होणार, आणि शिबिरे थांबलेली. त्यात उन्हाळा, महाविद्यालये बंद असल्याने एरवीही या दिवसांत खडखडाट असतो. बाळंतपणातला रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो, आणि तालुक्याच्या रक्त साठवण केंद्रात येणारे रक्त जिल्ह्याच्या रक्तपेढीतूनच येते. टाळेबंदीच्या आदेशातच रक्तदात्याच्या प्रवासाची मुभा लिहावी आणि पेढीने वीस-वीस दात्यांना वेळ देऊन बोलवावे. मोठ्या शिबिरावर अडून राहण्याचे कारण नाही.

रुग्णवाहिकेबद्दल थोडक्यात : १०८ ची गाडी साथीच्या कामाला जुंपली की तिच्या निर्जंतुकीकरणातही वेळ जातो. प्राथमिक आरोग्य केंद्राची १०२ ची गाडी केवळ मातांसाठी राखून ठेवावी. आदिवासी भागात बाळंतपणाआधी येऊन राहण्यासाठी ‘माहेरघर’ आहेच. पावसाळ्याप्रमाणे टाळेबंदीतही बाईला तारखेच्या आठवडाभर आधी तिथे आणावे. ते विलगीकरणासाठी ताब्यात घेऊ नये.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली २ जुलैला. तोवर दुसरी लाट येऊन ओसरली होती. पुढच्या लशीच्या चाचण्यांत गरोदर स्त्रिया पहिल्यापासून नसतील तर हेच अंतर पुन्हा पडेल.

आणि तिसरी खोली कागदावर राहू नये असे वाटत असेल तर पहिल्या लाटेतला रुग्णालयाला कुलूप लावण्याचा प्रकार आधी टाळा. बाधित बाळंतपण झाले तर ती खोली स्वच्छ करून पुन्हा वापरात आणावी आणि संरक्षक पोशाखात असलेल्यांना कामावर राहू द्यावे. ज्यांना विलगीकरणात जावेच लागेल त्यांच्या पगाराची आणि बदली परिचारिकेची जबाबदारी जिल्हा प्रशासनाने लेखी घ्यावी. छोट्या प्रसूतिगृहाचा डॉक्टर फाटक उघडताना पहिला विचार याचाच करतो.

आपले,
प्रसूतिसेवेतील काही डॉक्टर व परिचारिका