ट्रॅक्टरची बॅटरी : खरेदीआधी पाहावे आणि पक्क्या बिलावर लिहून घ्यावे असे काही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उसाचा गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या माढा तालुक्यात बॅटरीच्या दुकानांपुढे ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी होऊ लागते. कारखाने बंद झाल्यापासून झाडाखाली उभे असलेले ट्रॅक्टर दसरा-दिवाळीच्या सुमारास सेल्फ मारल्यावर नुसते टकटक करतात, तोडणीची टोळी येऊन बसलेली असते, आणि अशा घाईत मालक दुकानात जाऊन ‘सगळ्यांत स्वस्त कोणती?’ एवढे विचारून बॅटरी घेऊन येतो. या एका प्रश्नामुळे शेतकऱ्याचे किती नुकसान होते हे मी स्वतः अनुभवले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुमारे पाच वर्षांपूर्वी मी माझ्या 50 एचपी ट्रॅक्टरसाठी जुनी बॅटरी देऊन वर 5,400 रुपये मोजले आणि कच्च्या पावतीवर नवी बॅटरी घेतली. वॉरंटी 18 महिने पूर्ण बदलून देण्याची आणि पुढचे 18 महिने प्रो-राटा, म्हणजे वापरलेल्या काळाच्या प्रमाणात सवलतीची, असे तोंडी सांगण्यात आले होते. चौदाव्या महिन्यात तिचा एक सेल बसला. तक्रार घेऊन गेलो तेव्हा दोन गोष्टी कळल्या. वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि शिक्का नव्हता, आणि बॅटरी मला विकली त्या दिवशीच ती बनून नऊ महिने झाले होते. विक्रीच्या तारखेचा पुरावा नसल्याने वॉरंटी उत्पादनाच्या महिन्यापासून मोजली गेली. तसे धरले तर 23 महिने झाले होते, त्यामुळे फुकट बदलून मिळण्याची मुदत संपली. त्यानंतर दुसऱ्या दुकानातून 7,600 रुपयांना पक्क्या बिलावर घेतलेली बॅटरी 46 महिने चालून नुकतीच उतरली. महिन्याचा हिशेब केला तर स्वस्त बॅटरी मला 386 रुपयांना पडली आणि महाग बॅटरी 165 रुपयांना. दुकानात सांगितली जाणारी किंमत बॅटरीची असते. शेतकऱ्याने मात्र तिच्या एका महिन्याच्या कामाची किंमत काढून पाहावी.

त्याही आधी दोष खरोखर बॅटरीचाच आहे का, हे तपासले पाहिजे. माझ्या पाहण्यात अनेकांनी चांगल्या बॅटऱ्या भंगारात घातल्या आहेत आणि नवी बॅटरीही महिन्याभरात उतरल्यावर अल्टरनेटर चार्ज करत नव्हता हे त्यांच्या लक्षात आले आहे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावल्यास साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून बरेच कमी असतील तर पट्टा सैल झाला आहे का, अल्टरनेटर काम करतो का, हे आधी पाहावे आणि बरेच जास्त असतील तर रेग्युलेटर. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर, सैल क्लॅम्प आणि गंजलेली अर्थिंगची पट्टी यांमुळेही सेल्फ टकटक करतो, आणि ते दुरुस्त करायला सोड्याचे गरम पाणी, पाना आणि थोडी व्हॅसलीन एवढे पुरते. रात्रभर ठेवलेल्या, पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीने 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवले पाहिजे, 12.2 म्हणजे ती निम्मी रिकामी आहे. खात्रीसाठी दुकानात लोड टेस्टर लावून घ्यावा, कारण सेल्फच्या ताणाखाली बॅटरी 15 सेकंद 9.6 व्होल्टच्या खाली न जाता टिकते का, हे नुसत्या मीटरवरून कळत नाही.

क्षमतेच्या बाबतीत कंपनीच्या पुस्तिकेत जेवढे अँपिअर-अवर (एएच) लिहिले आहेत, तेवढेच घ्यावेत. आमच्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना 75 ते 100 एएचच्या दरम्यानची बॅटरी बसते, आणि डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे ते फिरवायला काही सेकंद फार मोठा करंट लागतो; म्हणून पैसे वाचवण्यासाठी कमी एएचची बॅटरी बसवली की ती प्रत्येक वेळी ताणली जाते. इथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करावासा वाटतो. रानडुकरांच्या त्रासामुळे आता बऱ्याच शेतांत कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारे झटका मशीन आले आहे आणि रात्री ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याला जोडण्याची पद्धत पडली आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीतल्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. त्या क्षणभर मोठा करंट देण्यासाठी केलेल्या असतात, रात्रभर हळूहळू रिकाम्या होण्यासाठी नव्हेत. अशी पाच-पन्नास वेळा तळापर्यंत उतरलेली बॅटरी वॉरंटीच्या आत गेली, तर कंपनी ती नाकारते आणि त्यात कंपनीचे चुकते असे मला वाटत नाही. झटका मशीनसाठी, घरच्या इन्व्हर्टरसाठी हळूहळू उतरणे सोसणारी ट्यूब्युलर बॅटरी वेगळी घेणे हाच त्यावरचा उपाय आहे. ट्रॉलीवरच्या मोठ्या डेकसाठीही हेच लागू पडते; इंजिन बंद ठेवून वाजवलेला डेक बॅटरीचे आयुष्य खातो.

आता तारखेबद्दल. शिसे-आम्लाची बॅटरी फळीवर पडून राहिली तरी हळूहळू स्वतःच उतरत असते, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात ती अधिक वेगाने उतरते. उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर जो सल्फेटचा कडक थर बसतो तो पुढे पूर्णपणे निघत नाही. त्यामुळे तीन महिन्यांहून जुनी बॅटरी मी आता घेत नाही, आणि घेणे भागच पडले तर दुकानात पूर्ण चार्ज करून मीटर दाखवल्याशिवाय उचलत नाही. उत्पादनाचा महिना बऱ्याचदा अक्षर आणि अंकांच्या सांकेतिक खुणेत कोरलेला असतो, प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते आणि ग्राहकाला ती वाचता येत नाही. दुकानदाराकडून ती वाचून घ्यावी आणि महिना, वर्ष बिलावर लिहून घ्यावे. कोरडी आलेली बॅटरी दुकानात आम्ल भरून देणार असतील तर पहिले चार्जिंग पूर्ण होऊ द्यावे. हंगामाच्या घाईत तासाभरात उचलून आणलेली अशी बॅटरी पुढे सहसा पूर्ण क्षमतेला पोचत नाही. नंतर ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाची घनता, पाहिली की सगळ्या सेलमध्ये आकडा 1.240 ते 1.280 च्या दरम्यान आणि एकमेकांच्या जवळ असावा.

प्रो-राटाचा हिशेब तर फार थोड्या ग्राहकांना समजावून सांगितला जातो. ही सवलत छापील किमतीवर मिळते, आणि बाजारात बॅटरी छापील किमतीला क्वचितच विकली जाते. समजा छापील किंमत 9,000 रुपये आहे, दुकानात ती 7,000 ला मिळते, आणि तुमची बॅटरी 30 टक्के सवलतीच्या टप्प्यात गेली. सवलत वजा जाता तुम्हाला 6,300 रुपये भरावे लागतील आणि जुनी बॅटरी जमा करावी लागेल. तीच जुनी बॅटरी 900 रुपयांना मोडीत देऊन तुम्ही उघड्या बाजारातून नवी घेतली असती तर 6,100 रुपयांतच भागले असते. म्हणून ‘36 महिन्यांची वॉरंटी’ असे फलकावर वाचले की त्यातले पूर्ण बदलून देण्याचे महिने किती, हे आधी विचारावे आणि दोन बॅटऱ्यांची तुलना त्याच महिन्यांवर करावी. बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा नवी वॉरंटी नसते, मूळ वॉरंटीतले उरलेले महिनेच मिळतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

मला सर्वांत जास्त खटकते ती जुन्या बॅटरीची पद्धत. ट्रॅक्टरच्या बॅटरीचे वजन वीस किलोच्या आसपास असते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग शिसे आणि शिशाची संयुगे असतो. म्हणजे आपण दुकानात जे टाकून येतो तो कचरा नाही, तो धातू आहे, त्याला रोजचा बाजारभाव आहे. तरीही बॅटरी काट्यावर न ठेवता ‘जुनीचे इतके कमी करतो’ असे ठोक सांगितले जाते आणि आपणही मान डोलावतो. कांद्याच्या वजनात एक-दोन किलोची घट धरली तर बाजार समितीत भांडणारे आपण, शिशाच्या बाबतीत वजनच मागत नाही. मी या वेळी नवी बॅटरी घेताना दोन गोष्टी वेगळ्या विचारल्या : जुनी न देता नवीची किंमत किती, आणि जुनीचा किलोला दर किती. तीन दुकानांत जुनीच्या किमतीत साडेतीनशे रुपयांचा फरक निघाला. नवीच्या किमतीतला फरक त्याहून कमी होता.

जास्त पैसे मिळतात म्हणून जुनी बॅटरी फिरत्या भंगारवाल्याला देण्याचा मोह होतो, पण तो टाळावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. अशा बॅटऱ्या कुठेतरी उघड्यावर फोडल्या जातात, आम्ल ओढ्यात सोडले जाते आणि शिसे भट्टीत वितळवताना त्याचा धूर आजूबाजूच्या लेकरांच्या अंगात जातो; लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. केंद्र सरकारच्या 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती साखळी दुकानापासून सुरू होते, आणि दुकानात योग्य वजन व दर मिळाला तर शेतकरी भंगारवाल्याकडे जाणारच नाही. आणखी एक धोका असा की फोडलेल्या बॅटऱ्यांतल्या काही परत प्लेटा बदलून, नवे स्टिकर लावून निम्म्या किमतीत विकायला येतात. वजन हलके, अनुक्रमांक खोडलेला किंवा नसलेला आणि पक्के बिल द्यायला नकार, या तिन्हींपैकी एक जरी खूण दिसली तरी ती बॅटरी घेऊ नये.

पक्के बिल म्हटले की जीएसटीचा विषय निघतो आणि ग्राहक मागे सरतो, म्हणून त्याबद्दलही लिहितो. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा 18 वरून 5 टक्क्यांवर आला, आणि शिसे-आम्लाच्या बॅटरीवरचा 28 वरून 18 टक्क्यांवर. ही कपात स्वागतार्ह आहे, तरी टायरइतकीच बॅटरीही ट्रॅक्टरचा अविभाज्य भाग असताना तिच्यावर 18 टक्के का, याचे उत्तर आमच्या लोकप्रतिनिधींनी मिळवावे. पण कर वाचवण्यासाठी कच्ची पावती घेणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. पक्के बिल, त्यावर बॅटरीचा अनुक्रमांक आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड हातात असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. खरेदी पाच लाखांच्या आतली असल्यास तिथे शुल्कही लागत नाही. माझ्याकडे त्या वेळी कच्ची पावती होती, त्यामुळे ही दोन्ही दारे मी स्वतःच्या हाताने जवळजवळ बंद केली होती.

घेतलेल्या बॅटरीची निगा हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. बोअरचे क्षारयुक्त पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटरच घालणे, रोटाव्हेटरच्या हादऱ्यांनी बॅटरी हलू नये म्हणून तिची पट्टी आवळून ठेवणे, आणि हंगाम संपल्यावर आधी निगेटिव्हची वायर सोडून महिन्यातून एकदा चार्ज करणे, एवढे केले तरी दिवाळीतली धावपळ टळते.

बॅटरी कंपन्यांना आणि वितरकांना माझी विनंती आहे की उत्पादनाचा महिना आणि वर्ष सांकेतिक खुणेत न ठेवता साध्या अंकांत, सहज दिसेल असे छापावे, आणि प्रत्येक दुकानात वजनकाटा व जुन्या बॅटरीचा किलोचा दर लिहिलेला फलक ठेवावा. आपल्याकडेही एक मागणे आहे. आपल्या दैनिकात कांदा, डाळिंब आणि ज्वारीचे बाजारभाव आम्ही रोज वाचतो. शिशाचा दरही एमसीएक्स या वायदे बाजारात दररोज ठरत असतो. त्याच रकान्यात आठवड्यातून एकदा, निदान गळीत हंगामापूर्वीच्या दोन महिन्यांत, तो एका ओळीत छापता येईल का, याचा कृपया विचार व्हावा.

आपला,
एक ट्रॅक्टरधारक ऊस उत्पादक शेतकरी,
ता. माढा, जि. सोलापूर