13 व्होल्ट कुठं गेले? वायरमन काकांना पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास तुम्ही आमच्या युनिफॉर्म शिवायच्या शेडमध्ये येऊन गेलात, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. ते चारचौघांसमोर मानतेय, कारण सोलापुरात आमच्यासारख्या शेड गल्लोगल्ली आहेत आणि आमचं दुखणं त्यांनाही असणार.

मागच्या टेबलावरच्या दोन्ही इस्त्र्या चालू केल्या की त्या लाइनीवरचा बल्ब मंद व्हायचा, पंखा रेंगाळायचा आणि इस्त्री लवकर तापायची नाही. ‘लाइनच कमी येते, स्टॅबिलायझर बसवा,’ असं एका दुकानदारानं सांगितलं होतं. तुम्ही मात्र पिशवीतून मीटर काढून माझ्याच हातात दिलात. मेन बोर्डावर 228 व्होल्ट, मागच्या सॉकेटवर 215. इस्त्र्या बंद केल्या, तर मागेही 228! ‘मधले 13 व्होल्ट कुठं गेले, ताई?’ एवढं विचारून तुम्ही चहा घेत बसलात.

व्होल्टेज समजावायला सगळे देतात ते पाण्याच्या टाकीचं उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, बरं केलंत. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तिथं टाकीवरून कुणाला काय कळणार?

मग टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा मीटर, लावला. करंट साधारण 8 अँपिअर. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, वायरीचा करंटला होणारा अडथळा; मग 13 भागिले 8, 1.6 ओहम. आकडे तुम्ही मनातल्या मनात तेलुगूत मोजता आणि उत्तर मराठीत सांगता, हे मी तेव्हा पाहिलं. त्या लाइनीला 1 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आहे, किलोमीटरला सुमारे 18 ओहमची. अंतर 30 मीटर, जाऊन येऊन 60, म्हणजे 1.1 ओहम. हिशेबात अर्धा ओहम जास्त निघत होता.

तो सापडला मधल्या बॉक्समध्ये, वायरींच्या सांध्यात. मेन बंद केलंत, टेस्टर लावून खात्री केलीत, मगच टेप सोडवलीत. आतला पीळ सैल, तांबं काळं पडलेलं. त्या सांध्यात उष्णता किती? करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 8 गुणिले 8 गुणिले अर्धा, 32 वॅट. ‘माझी सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची आहे,’ तुम्ही म्हणालात. तेवढ्यावर कथील वितळतं. आणि आमच्याकडे त्या बॉक्सखाली कापडाचे तागे रचलेले!

स्टॅबिलायझर मागच्या टेबलाशी बसवला असता तर काय झालं असतं, हेही तुम्ही सांगितलंत. त्यानं इस्त्रीला पुरते व्होल्ट दिले असते, पण त्यासाठी वायरीतून आणखी करंट ओढला असता आणि तोच सांधा जास्त तापला असता. पैसे मोजून आग विकत घेतल्यासारखंच की ते.

आता तिथं 4 स्क्वेअर एमएमची अखंड वायर आहे, जाऊन येऊन 0.3 ओहमसुद्धा नाही. इस्त्र्या चालू असताना दोन-अडीच व्होल्टच पडतात. मे महिन्यात पत्रा तापल्यावर थोडे जास्त पडले, कारण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. हे मी तुम्हाला न विचारता शोधलं, बरं का.

व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, हाच ओहमचा नियम मुलीच्या नववीच्या पुस्तकात आहे. त्या जर्मन मास्तरांची, गेऑर्ग ओहम यांची, गोष्ट मला आवडली. त्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज स्थिर राहायचं नाही. मग त्यांनी तांबं आणि बिस्मथ जोडून एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवलं आणि त्यातून मिळणाऱ्या स्थिर विजेवर वेगवेगळ्या लांबीच्या तारा तपासल्या. 1827 मध्ये पुस्तक निघालं. लोकांनी आधी मनावर घेतलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळायला 1841 उजाडलं.

मुलगी मात्र एका ठिकाणी अडली. व्होल्टेज घटलं की इस्त्रीचा करंट घटतो, मग भरल्या कामात शिलाई मशीनच्या मोटरचा वाढतो कसा? मी तिला तुमचंच उत्तर दिलं: फिरणारी मोटर स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते आणि आत येणाऱ्या करंटला अडवते. व्होल्टेज कमी पडलं की काम तेवढंच असल्यामुळे ती थोडी मंदावते, उलटा व्होल्टेज त्याहून जास्त घटतो आणि करंट वाढतो. चालू होताना तर तो उलटा व्होल्टेज नसतोच, म्हणून पहिला झटका मोठा. नियम तसाच राहतो, फक्त हा उलटा व्होल्टेज हिशेबात धरावा लागतो. तिला पटलं, पण पुढचं तिनं विचारलं ते मला येईना: हा उलटा व्होल्टेज मीटरवर दिसतो का?

तेव्हा सवडीनं एकदा या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून ठेवते.

तुमची,
शिलाईच्या शेडमधली ताई