रेशनच्या गव्हातले सेलेनियम मोजणार कोण?

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

विषय : शेगाव तालुक्यातील केसगळती आणि रेशनच्या धान्याची तपासणी

महोदय,

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. त्यात शाळकरी पोरी होत्या, तरणे होते, म्हातारे होते. जानेवारीत कॅमेरे आले, दिल्ली-मुंबईची पथके आली. एप्रिलमध्ये त्याच भागातल्या काही जणांची नखे ठिसूळ होऊन गळाली, तेव्हा पुन्हा दोन दिवस गलका झाला. पुढे सगळे शांत. मी खामगावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. रसायनशास्त्र शिकवले, डॉक्टर नाही. पण या प्रकरणात डॉक्टरकीपेक्षा आवर्तसारणी आणि पुरवठा खात्याचा हिशेब जास्त उपयोगी पडतो असे माझे मत झाले आहे, म्हणून हे पत्र.

पहिला संशय पाण्यावर गेला. ते साहजिकच होते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत, बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. पाण्याचे नमुने तपासले, त्यात क्षार आणि नायट्रेट भरपूर निघाले, आणि अनेकांना वाटले की चोर सापडला. पण हे पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या पीत आले आहेत. त्याने मूत्रपिंडे खराब होतात ही या भागाची जुनी तक्रार आहे आणि तिच्याकडेही कुणी धड पाहत नाही. मात्र आजवर पाण्याने आठवडाभरात कुणाचे डोके रिकामे केले नव्हते. मग बुरशीचे नाव पुढे आले, मग शाम्पूचे. घरात कधी शाम्पूची पुडी न आणणाऱ्या माणसांचेही केस गेले होते, त्यामुळे ती गोष्ट फार चालली नाही. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले. न्हाव्यांनी हात लावायला नकार दिल्याच्या, सोयरिकी अडल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. रोग लागट असल्याचे कुठल्या तपासणीत ठरले नव्हते, तरी गावांवर शिक्का बसला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपले निष्कर्ष जाहीर केले. विंचूदंशावरच्या उपचारांमुळे हे नाव जगाला माहीत आहे. त्यांच्या सांगण्यानुसार १८ गावांतले २७९ लोक बाधित होते. सेलेनियम हे शरीराला अगदी थोडे लागणारे, पण जास्त झाले की बाधणारे मूलद्रव्य. रुग्णांच्या रक्तात ते नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळले, तर जस्त कमी पडलेले होते. आणि गावात रेशनवर वाटलेल्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हाच्या ६०० पट होते.

हे आकडे वाचून सोडून देऊ नयेत, त्यांचा हिशेब करावा. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम मिळाले. म्हणजे शंभर ग्रॅम पिठात जवळपास १,४५० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम आहे, आणि ४०० च्या वर जाऊ नये असे आहारशास्त्र सांगते. शंभर ग्रॅम पिठाच्या तीनच पोळ्या होतात. शेतात राबणारा माणूस तेवढ्यावर उठतो का? अडीचशे ग्रॅम धरले तर आकडा साडेतीन मिलिग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे कमाल मर्यादेच्या नऊपट.

आता हा साडेतीनचा आकडा लक्षात ठेवून चीनकडे पाहा. हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात केस आणि नखे गळण्याची साथ आली होती. सर्वाधिक झळ बसलेल्या पाच गावांत जवळजवळ निम्मी माणसे बाधित झाली. कारण तिथल्या सेलेनियमयुक्त दगडी कोळशातून जमिनीत आणि जमिनीतून मका-भाज्यांत उतरलेले सेलेनियम. भाताचे पीक बुडाल्यामुळे लोकांना त्याच मक्यावर दिवस काढावे लागले होते. तिथे माणसाच्या पोटात रोज किती सेलेनियम जात होते, हे नंतर मोजले गेले : ३.२ ते ६.७ मिलिग्रॅम, सरासरी सुमारे ५. आपला हिशेब नेमका त्याच पट्ट्यात येऊन बसतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. अमेरिकेत २००८ मध्ये एका पातळ पूरक औषधात चुकून लेबलावरच्या २०० पट सेलेनियम गेले, तेव्हा २०१ जणांना त्रास झाला. केसगळती, जुलाब, थकवा, नखांचे रंग बदलणे, अशीच लक्षणे होती.

‘गहू नीट धुऊन घ्या’ असा सल्ला बरेच जण देतात. बावस्करांनी तेही करून पाहिले. धुतल्यावर १४.५२ चे १३.६१ झाले. सेलेनियम दाण्यावरची धूळ नसते, ते दाण्यातल्या प्रथिनांत विणलेले असते. आवर्तसारणीत ते गंधकाच्या बरोबर खाली बसते आणि वनस्पतीही फसते, माणसाचे शरीरही फसते : गंधकाच्या जागी ते सेलेनियम घेऊन टाकतात. केस आणि नखे केराटिन नावाच्या ज्या प्रथिनाची असतात, त्याला घट्टपणा येतो तो गंधकाच्या बंधांमुळे. म्हणून पहिला घाव तिथे. केस झटपट वाढतात, त्यामुळे त्यांचे आधी दिसले. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. मुळाशी डिसेंबरात झालेली इजा वर येऊन दिसायला एप्रिल उजाडला, यात नवल काहीच नाही. एप्रिलमध्ये ‘आता हा दुसराच रोग’ म्हणून जी घबराट पसरली, ती एवढे समजावून सांगितले असते तर टळली असती.

हा गहू पंजाबच्या बाजूने आला असे डॉ. बावस्करांचे म्हणणे आहे. शिवालिक डोंगरांच्या पायथ्याला होशियारपूर आणि नवांशहर भागात काही जमिनी सेलेनियमने भरलेल्या आहेत. पावसाळी ओढे डोंगरातला गाळ आणून टाकतात, जमीन विम्ल (अल्कधर्मी), त्यामुळे पीक सेलेनियम सहज उचलते. तिथल्या गाई-म्हशींची शिंगे आणि खूर सुटतात, शेपटीचे केस झडतात, हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून नोंदवून ठेवले आहे. म्हणजे कुणाला माहीतच नव्हते असे नाही. पंजाबच्या शेतकऱ्याला यात दोष देण्यासारखे काही नाही. त्याने सरकारी खरेदी केंद्रावर गहू घातला आणि केंद्राने नियमाप्रमाणे तो घेतला.

माझा रोख त्या नियमावरच आहे. सरकारी खरेदीत गहू कशावर पारखतात? ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, कपात करून १४ पर्यंत. माती-कचरा पाऊण टक्का. इतर धान्य दोन टक्के. खराब दाणा दोन टक्के, किंचित खराब चार, सुरकुतलेला आणि तुटका सहा. डोळ्याला आणि ओलावा-मापकाला दिसते तेवढे सगळे यात आले. अतिसेलेनियमचा दाणा मात्र टपोरा, कोरडा, स्वच्छ असू शकतो. तो या चाळणीतून अव्वल दर्जाचा म्हणून पार होतो आणि बाराशे-पंधराशे किलोमीटरवरच्या एखाद्या तालुका गोदामात उतरतो.

जिथे हे धान्य पिकते तिथे बाजारात दहा ठिकाणचा गहू मिसळतो, म्हणून माणसांवर परिणाम बेताचा राहत असावा. रेशनचे तसे नसते. एका शेतपट्ट्यातला माल एकाच थप्पीत राहिला आणि ती थप्पी एकाच तालुक्याच्या वाट्याला आली, तर महिना-दीड महिना अख्खे गाव तेच खाते. शेजारच्या तालुक्यात फारसे काही झाले नाही आणि इथे झाले, याचा उलगडा मला तरी इथेच दिसतो. तो सिद्ध करायचा किंवा खोडायचा तर कट्ट्यांच्या (पोत्यांच्या) नोंदी काढाव्या लागतील, प्रयोगशाळेत बसून ते कळणार नाही. वऱ्हाडात पूर्वी ताटात ज्वारीची भाकर होती. ती आपल्याच काळ्या जमिनीची असायची. रेशनने पोळी आणली, पोटे भरली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र दुसऱ्याच्या जमिनीचे गुणदोषही त्याबरोबर पोटात आले.

काही शंका उरतात, त्या लपवू नयेत. एकाच घरात एकाचे केस गेले आणि दुसऱ्याचे राहिले, असे का? अंगात जस्त कमी असणे, खारे पाणी, गावकऱ्यांचे एकंदर पोषण यांचा त्यात हात किती? पण केस परत येणे हा मोठा पुरावा आहे. तो गहू बंद केल्यावर पाच-सहा आठवड्यांत काहींच्या डोक्यावर थोडे केस उगवले, असे बावस्करांनी नोंदवले. पाणी तर तेच राहिले होते.

तेव्हा मागणी अशी. भारतीय अन्न महामंडळाने ज्ञात सेलेनियम पट्ट्यातल्या खरेदी केंद्रांवरचा गहू तरी लॉटप्रमाणे तपासावा. त्यासाठी लागणारे, अगदी सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्ये मोजणारे आयसीपी-एमएस यंत्र देशातल्या अनेक प्रयोगशाळांत आहे, आणि प्रत्येक कट्टा तपासा असे कुणी म्हणत नाही. जादा निघालेला माल दुसऱ्या गव्हात मिसळून पातळ करायचा की बाजूला काढायचा, हे शास्त्रज्ञांनी ठरवावे. जिल्हा पुरवठा कार्यालयाने २०२४ च्या दिवाळीपासून शेगाव तालुक्यात उतरलेल्या गव्हाचे मूळ खरेदी केंद्र जाहीर करावे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) या गावांतून नेलेल्या नमुन्यांचे निकाल मराठीत, प्रत्येक बाधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. रक्त गावकऱ्यांचे होते, कागदही त्यांना मिळायला हवा. आणि बाधितांची, विशेषतः तेव्हा गरोदर असलेल्या बायांची आणि लहान मुलांची, वर्ष-दोन वर्षे तपासणी चालू राहावी. केस आले म्हणजे संपले असे धरू नये.

तोवर गावकऱ्यांसाठी एक गोष्ट. त्या काळातला रेशनचा गहू कुणाच्या कोठीत अजून उरला असेल तर तो खाऊ नका, पण ढोरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका, त्यांना सेलेनियम तितकेच बाधते. किलोभर गहू कोरड्या बरणीत बंद करून, वर दुकानाचे नाव आणि मिळाल्याचा महिना लिहून ठेवा. तपासणीला कुणी आले तर दाखवायला तोच नमुना कामाला येईल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
खामगाव, जि. बुलढाणा