रिकी स्टुअर्ट यांच्यावर लिहा

महोदय,

आपल्या क्रीडा पानावर क्रिकेटखेरीज फुटबॉल आणि टेनिसला जागा मिळते. रग्बी लीगच्या वाट्याला मात्र दोन ओळीही येत नाहीत, याची खंत वाटते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा रेडर्स या क्लबचे माजी हाफबॅक आणि प्रशिक्षक रिकी स्टुअर्ट यांच्यावर तरी सविस्तर लेख यायला हवा.

तेरा जणांच्या संघात हाफबॅक म्हणजे सूत्रधार. चेंडू असलेल्या खेळाडूला पकडून अडवणं म्हणजे टॅकल; असे सहा टॅकल झाले की चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. त्याआधी चेंडू कुणाकडे द्यायचा, लाथ कधी मारायची, हे हाफबॅक ठरवतो. स्टुअर्ट यांचा गिरकी घेत जाणारा लांबच लांब पास बचावफळीला हतबल करायचा. 1989 मध्ये रेडर्सनी ऑस्ट्रेलियातील मुख्य रग्बी लीग स्पर्धेचं विजेतेपद सिडनीबाहेर प्रथमच नेलं. 1990 आणि 1994 मध्ये पुन्हा जिंकलं. तिन्ही वेळा संघात स्टुअर्ट होतेच.

वरिष्ठ संघाचे प्रशिक्षक म्हणून पहिल्याच मोसमात, 2002 मध्ये, त्यांनी सिडनी रूस्टर्सना अजिंक्यपद मिळवून दिलं. 2014 पासून ते पुन्हा रेडर्सकडे आहेत. 2019 च्या रेडर्स-रूस्टर्स अंतिम सामन्यात 8-8 अशी बरोबरी असताना पंचांनी हात फिरवून रेडर्सना सहा नव्या टॅकलचा इशारा दिला आणि लगेच निर्णय फिरवला. रेडर्सचा खेळाडू पहिली खूण पाहून चेंडू हातात धरूनच टॅकल झाला, चेंडू रूस्टर्सकडे गेला आणि सामना 14-8 असा निसटला. हा सरळ अन्याय होता, असं माझं ठाम मत आहे.

यंदा निदान अंतिम सामन्याचं वृत्त तरी सविस्तर द्यावं, ही विनंती.

– एक वाचक, पुणे