कांद्याच्या साली टाकू नकोस

ड्रेस्डेन, जर्मनी, 8 एप्रिल 2026

ती. आईस,
सा. न. वि. वि.

उन्हाळ कांद्याची काढणी आटोपत आली असेल. चाळीपुढे सालींचा थर साचला असेल, वाऱ्याने अंगणभर उडत असतील. आज त्या सालींविषयीच लिहायचंय. फोनवर एवढं सांगून होत नाही.

इथे रविवारी ईस्टर झाला. 21 मार्चनंतरची पौर्णिमा धरायची आणि तिच्यापुढचा पहिला रविवार, असा त्याचा हिशेब. म्हणून यंदा गुरुवारी तुमची हनुमान जयंती आणि लगेच रविवारी इथला सण. या सणाला इथे अंडी रंगवतात, आणि तो रंग कांद्याच्या सालींतून काढता येतो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींकडे स्वयंपाकघराच्या दाराआड एक कापडी पिशवी टांगलेली असते. हिवाळाभर चिरलेल्या कांद्यांची वाळकी साल त्यात जमते. यंदा मीही साठवल्या आणि शनिवारी मुलांना घेऊन त्यांच्याकडेच जाऊन बसले.

साली पाण्यात अर्धा तास उकळायच्या. पाणी गर्द तांबडं झालं की निवू द्यायचं, नाहीतर अंडी तडकतात. अंडी पांढरीच घ्यायची, तपकिरी कवचावर नक्षी उठून दिसत नाही. व्हिनेगरने पुसली की रंग चांगला धरतात. मग कोथिंबिरीचं ओलं पान कवचावर चापून बसवायचं, वरून फाटक्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून घ्यायचा आणि मागे दोऱ्याने आवळून टाकायचा. खरी मेख इथेच आहे. पान जरासं जरी उचललेलं राहिलं तरी रंग खाली शिरतो. दहा मिनिटं मंद आचेवर ठेवून त्याच पाण्यात गार होऊ दिली. सईने मोजा कापला, तर विटकरी अंड्यावर पानाचा कातरलेला काठ न् काठ फिकट उमटलेला! तेलाचं बोट फिरवलं की असं चकाकतं, की हातातून ठेववत नाही.

काही अंडी पोकळ करून फांद्यांवर टांगतात. दोन्ही टोकांना सुईने भोक पाडून आतलं सगळं फुंकून वाडग्यात काढायचं, त्याचं ऑम्लेट होतं. आगकाडीच्या तुकड्याला मधोमध दोरा बांधून ती भोकातून उभी आत सोडायची. आत गेली की आडवी होते आणि अंडं पक्कं लटकतं. फोर्सिथिया नावाच्या झुडपाच्या फांद्या कळ्या असतानाच कापून पाण्यात ठेवतात, सणाला त्या पिवळ्याधमक फुलतात. आजींच्या फांदीवर त्यांच्या आईने रंगवलेलं एक अंडं अजून आहे. कवच ते केवढं, पण इतकी वर्षं कापसात जपलंय.

अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधले सुळके कापून मुलांनी कोंबड्या केल्या, टॉयलेट पेपरच्या नळ्यांचे ससे केले. दुकानात प्लास्टिकची रंगीत अंडी ढिगाने मिळतात, ती मला घरात नकोच वाटतात.

इथून पूर्वेला बाउत्सेन गाव आहे. त्या भागात सॉर्ब लोक राहतात, त्यांची स्वतःची स्लाव्ह भाषा आहे, रस्त्यांच्या पाट्याही दोन भाषांत. त्यांची अंडी पाहून मी थक्क झाले. हंसाच्या पिसाचं टोक त्रिकोणी कापतात, वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर ठसे उठवतात आणि मग रंगात घालतात. पुन्हा मेण, पुन्हा आधीपेक्षा गडद रंग. शेवटी मेणबत्तीजवळ धरून मेण वितळवून पुसलं की सगळी नक्षी उघडी पडते. आपल्या बाटिकसारखंच, पण बोटभर जागेत.

आणि एक गंमत. अंड्याच्या अर्ध्या कवचाला डोळे-तोंड काढतात, आत ओला कापूस घालून त्यात बी पेरतात. आठवड्याभरात हिरवे केस उगवतात, ते कापून लोणी लावलेल्या पावावर खातात. बी पाहिलं, तर आपले हळीव! माझ्या बाळंतपणात तू लाडू करून पाठवलेस तेच.

तुझ्या चुलीवर अंडं चालत नाही, तेव्हा चिनूला हळीव करवंटीत पेरून दे. तोंड खडूने काढलं तरी चालेल. आणि साली गोठ्यामागे टाकू नकोस, पोतंभर बाजूला ठेव. जुनं पांढरं सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून सालींच्या काढ्यात उकळ, छान पिवळा-केशरी रंग चढतो. वहिनीला त्याचे अभ्रे शिवता येतील. फोटो मात्र उन्हात काढून पाठव, म्हणजे रंग नीट कळेल.

अण्णांना नमस्कार, चिनूला गोड पापा.

तुझी लेक