विषय : ‘हेवी ड्यूटी’ बूम स्टँड चालू शूटमध्ये खाली आला, त्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या पर्यवेक्षकांनी माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला, त्यानंतर हे पत्र लिहायला बसलो आहे. ते माझ्याशी मराठीत बोलले, म्हणून मीही मराठीतच लिहितो. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. गेल्या महिन्यात लग्नसराईच्या तोंडावर मी तुमचा बूम स्टँड, म्हणजे उभ्या खांबावर आडवा दांडा असलेला दिव्याचा स्टँड, ८,४०० रुपयांना घेतला. पेटीवर मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी आहेत : ‘हेवी ड्यूटी’ आणि ‘क्षमता १० किलो’. या दोन ओळी वाचूनच मी तो घेतला. दुकानात त्याहून स्वस्त स्टँड होते, तेही मी पाहिले होते.

घडलं ते असं. एका कुटुंबातल्या ८२ वर्षांच्या आजींचा फोटो काढायचा होता. नऊवारी, नथ, हातात जपमाळ. मागून केसांवर आणि खांद्यावर हलका उजेड हवा होता, म्हणून दिवा वरून, त्यांच्या डोक्यामागे घेतला. अशा वेळी साधा उभा स्टँड चालत नाही, त्याचा खांब फोटोत येतो. बूम त्यासाठीच असतो. माझा फ्लॅश २.७ किलोचा, त्याला ९० सेंमीचा ऑक्टा, म्हणजे उजेड मऊ करणारं अष्टकोनी कापडी आवरण, जोडणीच्या रिंगसकट १.३ किलोचं. एकूण ४ किलो. तुम्ही छापलेल्या १० किलोच्या निम्म्यापेक्षाही कमी.

सातव्या-आठव्या फोटोला पिव्हट, म्हणजे दांडा खांबाला जोडणारा सांधा, सुटला. आधी इंचभर सरकला, मी बघेपर्यंत आडवा दांडा भसकन खाली आला. माझ्या मदतनिसाने झेप घेऊन दांडा धरला म्हणून ऑक्टाची कड आजींच्या खांद्याला फक्त घासून गेली. दिवा खुर्चीच्या हातावर आदळला, ट्यूब फुटली, काचा आजींच्या पदरावर पडल्या. त्या माउलीने आधी माझ्या मदतनिसाला विचारलं, “तुला लागलं नाही ना रे बाळा?” त्यांच्या मुलाने पुढे एक शब्द न बोलता आईला उठवून घरी नेलं. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. फोटो झाला नाही. ते कुटुंब परत येईल असं वाटत नाही, आणि त्यांना या म्हणायचं तोंडही मला नाही.

आता तुमच्या फोनविषयी. एकूण पाच वेळा बोललो. पहिल्या चार वेळा तक्रार नोंदवली, बिल पाठवलं, फोटो पाठवले, वाट पाहिली. त्याबद्दल फार लिहीत नाही. एकाने ‘पडतानाचा व्हिडिओ’ मागितला. डोक्यावर दिवा कोसळत असताना माणूस व्हिडिओ काढत नाही, माणसाला धरायला धावतो, एवढं त्याला सांगितलं. पाचवा फोन कालचा, आणि तो मी विसरू शकत नाही.

पर्यवेक्षक म्हणाले, “काका, नॉब नीट कसला होता का?” मी सांगितलं, पिव्हट आवळायचा तो नॉब दोन्ही हातांनी कसला होता, बत्तीस वर्षं हेच करतोय. मग विचारलं, “सँडबॅग लावली होती का?” लावली होती, पायावर एक आणि दांड्याच्या मागच्या टोकाला तुमचीच पिशवी, वाळू भरून, ५ किलो. तुम्ही रिकामी देता, वाळू मी आणली. मग थोडा वेळ शांतता. मागे कोणाशी तरी बोलल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “काका, पण तुम्ही बूम पूर्ण आडवा केला होता ना?”

मी म्हटलं, हो. बूम आडवाच करतात.

ते म्हणाले, “तिथेच चूक झाली. १० किलोचं रेटिंग स्टँड उभा असतानाचं आहे. आडवा केला की जबाबदारी ग्राहकाची.”

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. त्यांनी तेच वाक्य, तेवढ्याच थंडपणे, पुन्हा सांगितलं. मी विचारलं, हे पेटीवर कुठे लिहिलं आहे? म्हणाले, “हे कॉमन सेन्स आहे.” मी विचारलं, मग आडवा केल्यावर किती वजन चालतं, तो आकडा तरी सांगा. म्हणाले, “तो आकडा आमच्याकडे नाही.” आणि वर हे : “काका, तुम्ही प्रोफेशनल आहात तर प्रोफेशनल स्टँड घ्यायला हवा होता.” तुमच्या पेटीच्या बाजूला ‘प्रोफेशनल स्टुडिओसाठी’ असं छापलंय, हे मी त्यांना वाचून दाखवत होतो, तेव्हा फोन ठेवला गेला.

काका म्हणा, काही हरकत नाही, वयाने आहेच. पण काका म्हणायचं आणि काकाला अक्कल शिकवायची, हे आमच्या घरात चालत नाही. जो दांडा आडवा करण्यासाठीच विकला जातो, तो आडवा केला ही ग्राहकाची चूक? छत्री पावसात उघडली ही चूक आहे का? रागाने लिहितोय हे मला कळतंय. पण आजींच्या पदरावरच्या काचा मी स्वतःच्या हाताने वेचल्या आहेत.

तुमच्याकडे आकडा नाही, म्हणून तो मी काढला. पिव्हटपासून दिव्यापर्यंत दांडा १५० सेंमी. पिव्हटपासून मागच्या हुकापर्यंत ६० सेंमी. पुढे ४ किलो गुणिले १५०, म्हणजे ६०० किलो-सेंमी. मागे तोल साधायला ६० सेंमीवर १० किलो लागतात. पण तुमच्या माहितीपत्रकात हुकाखाली लिहिलंय : ‘५ किलोपेक्षा जास्त लटकवू नये.’ मागे ५ गुणिले ६०, झाले ३००. उरलेले ३०० किलो-सेंमी कोणी पेलायचे? त्या एका नॉबने, फक्त घर्षणावर. म्हणजे तुमचीच मर्यादा पाळली तर पूर्ण लांबीवर तोल २ किलोलाच साधतो, आणि त्यात दांड्याचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. पेटीवर १० लिहिलंय. हा हिशेब मी घेण्याआधी केला नाही, ही माझी चूक, मी मान्य करतो. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला. पण हा हिशेब करून पेटीवर छापणं तुमचं काम होतं.

स्टँड मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, ओळखीच्या लेथवाल्याकडे उघडून पाहिला. पिव्हटच्या दोन चकत्यांमध्ये दाते नाहीत, गुळगुळीत धातूवर प्लास्टिकचं पातळ वॉशर आहे. बोजा धरणाऱ्या जोडाला दाते तरी हवेत, नाहीतर पकड रुंद आणि खरखरीत हवी. नॉबचा स्क्रू मऊ ओतीव भागात थेट जातो, आणि महिन्याभरात त्याचे आटे खाल्ले गेलेत. लेथवाल्याने बोटाने चोळून धातूचा चुरा दाखवला.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या डिझाइन खात्यातल्या माणसाला ठाऊक असायलाच हवी. बोजा खाली ओढला की नॉब घट्ट झाला पाहिजे, सैल नाही. त्यासाठी नॉबकडे तोंड करून उभं राहिलं की दिवा उजव्या हाताला यायला हवा. तसं असलं की दांडा खाली जाताना नॉब घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे आवळण्याच्या दिशेने फिरतो. सी-स्टँडवर, म्हणजे स्टुडिओतल्या अशाच आडव्या दांड्याच्या स्टँडवर, काम करणाऱ्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तुमच्या पत्रकातल्या चित्रात दिवा डाव्या हाताला आहे. मी चित्राप्रमाणे लावला. म्हणजे ४ किलोचा दिवा दर मिनिटाला तुमचाच नॉब उघडत होता.

त्याच चित्रात दांडा दोन पायांच्या मधून पुढे गेलेला दाखवला आहे. तुमच्या स्टँडचा पाय मधल्या खांबापासून ५० सेंमी पसरतो. दांड्याखाली एक पाय सरळ ठेवला तर ५० सेंमीचा आधार मिळतो, दोन पायांच्या मधोमध दांडा गेला तर फक्त २५. एवढी सोपी गोष्ट चित्रात उलटी कशी? कोणी हा स्टँड स्वतः लावून पाहिला होता का, छापायला देण्याआधी?

माझ्या वडिलांकडे लोखंडी पाइपचा एक बूम होता, इथल्याच एका फॅब्रिकेटरकडून बनवलेला. मागच्या टोकाला तराजूचं १० किलोचं ओतीव वजन, साखळीने बांधलेलं. ते वजन त्यांनी खंडेराव मार्केटच्या एका व्यापाऱ्याकडून जुनं घेतलं होतं. तो बूम दिसायला ओबडधोबड होता, दोघांना उचलावा लागे, पण चाळीस वर्षांत एकदाही कोणाच्या अंगावर आला नाही. वडील दिवा लावायच्या आधी नेहमी मागे वजन अडकवायचे, मग पुढे दिवा, आणि उतरवताना उलट क्रम. दर वेळी. मला फोटोग्राफी नंतर शिकवली, हे आधी शिकवलं. या गावाला दिव्याची आणि कॅमेऱ्याची जाण नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये इथे कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, दादासाहेब फाळके तिथे शिकले. जुन्या स्टुडिओवाल्यांनी बडोद्यात एकमेकांकडून काम उचललं आणि एकमेकांची चूकही तोंडावर सांगितली. वजन सांभाळता येत नसेल तर दिवा वर नेऊ नये, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. तुमचा स्टँड घेतला तेव्हा वाटलं, वडिलांचा जुना आता निवृत्त करावा. त्या दिवशी संध्याकाळी तो माळ्यावरून पुन्हा काढला.

तुमच्या कंपनीचे दोन साधे स्टँड गेली सहा वर्षं मी वापरतो. एकदाही तक्रार केली नाही. विद्यार्थ्यांना शिफारस केली. आता त्यांच्यापैकी एकाने हाच बूम घेतला आहे, आणि परवा मला त्याला फोन करून सांगावं लागलं की तो माणसाच्या डोक्यावर नेऊ नको. हा फोन तुमच्याकडून जायला हवा होता.

मला हवं ते हे. स्टँडचे ८,४०० रुपये परत. फ्लॅशच्या दुरुस्तीचे ६,२०० रुपये, बिल जोडलं आहे. पेटीवर पूर्ण लांबीवरचा खरा आकडा, मागे किती वजन लावून, तेही लिहून. पत्रकातल्या चित्रातल्या दोन्ही चुका दुरुस्त. आणि ज्यांनी हा स्टँड घेतला आहे त्या सगळ्यांना लेखी सूचना. पैशांपेक्षा शेवटच्या तीन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या आहेत. फक्त पैसे परत करून हे मिटवू म्हणाल तर मी ते मिटलं असं मानणार नाही.

तुमच्या पर्यवेक्षकांनी ‘जबाबदारी ग्राहकाची’ म्हटलं म्हणून हेही लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. डिझाइनमधला दोष, आणि इजा टाळण्यासाठी लागणाऱ्या पुरेशा सूचना न देणं, या दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार धरला जातो. तक्रार मी जिथे राहतो तिथल्या, म्हणजे वडोदऱ्याच्या जिल्हा आयोगात करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी लावून झाला आहे. पंधरा दिवस थांबतो. त्यानंतर आयोगाकडे जाईन, आणि तिथे हा १० किलोचा आकडा तुम्ही कुठल्या लांबीवर मोजला ते तुम्हाला सांगावंच लागेल.

स्टँड उघडलेल्या अवस्थेत, पिव्हट, वॉशर आणि आटे गेलेल्या स्क्रूसकट, माझ्याकडे जपून ठेवला आहे. कुरिअरने पाठवणार नाही. बघायचा असेल तर माणूस पाठवा. सकाळी दहा ते एक मी दुकानात असतो. येताना त्याने ४ किलोचा दिवा आणावा, दांडा पूर्ण लांब करावा, आणि स्वतः त्याखाली खुर्ची घेऊन बसावं.

आपला ग्राहक,
दांडिया बाजार, वडोदरा

सोबत : बिलाची प्रत, फ्लॅश दुरुस्तीचं बिल, पिव्हटचे सहा फोटो, पत्रकातल्या चित्राची प्रत