काळी माती बाजूला काढायला लावणाऱ्या मिस्तरी आप्पांस

आप्पा, सा. न. वि. वि.

पर्यावरणपूरक घरांचं काम शिकायला जळगाव-धुळ्याकडे आलेल्या नव्या पोरापोरींच्या हातात तुम्ही पहिल्याच दिवशी फावडं देता. त्याबद्दल हे उघड पत्र, आम्हा सगळ्यांकडून.

५ वर्षांचं बी.आर्क., कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी, जमलं तर 'गृहा' किंवा आयजीबीसी या हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या संस्थांची परीक्षा, हा रस्ता कुणीही सांगतं. न भाजता दाबून काढायच्या विटांसाठी कालवलेल्या मातीचा गोळा छातीच्या उंचीवरून सोडायचा, हे तुम्ही दाखवलंत. ४-५ तुकडे झाले तर ओल बेताची. भुगा झाला तर पाणी कमी, नुसताच चपटा बसला तर जास्त. त्याही आधी बरणी: एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि खळखळून हलवायचं. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा तास-दोन तासांत, चिकणमाती रात्र घेते. विटांसाठी वाळूचा थर निम्म्याहून बराच जाड हवा.

काळ्या मातीला तर तुम्ही विटांच्या ढिगाजवळ फिरकू देत नाही. ती पाणी पिऊन फुगते, उन्हात आवळते, वीट तडकणारच. मुरूम-वाळूच्या १०० किलो मिश्रणाला ७-८ किलो सिमेंट पुरतं. घोळ होतो तो पुढे. इथल्या मे महिन्यात दाबून काढलेली वीट दुपारपर्यंत कोरडी पडते, सिमेंटला मुरायला पाणीच उरत नाही, मग कोपरे नखाने निघतात. म्हणून सावली, ओली गोणपाटं, वर प्लास्टिक, किमान २१ दिवस. ठेकेदार सातव्या दिवशी विटा मागतो तेव्हा तुम्ही जे बोलता, ते इथे छापण्यासारखं नाही.

धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचंही तसंच. खाऱ्या मातीतल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात आणि छिद्रं बुजवतात, म्हणून ती पाणी अडवते. पण जुना थर न खरवडता दरसाल नवा चढवला की वजन वाढत जातं: १५ सेंमी माती चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते, भिजली की आणखी. धाबं गार राहतं म्हणून नवशिके ते वाचवायला धावतात. तुम्ही आधी भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकाला सळई टोचता. सळई आत गेली, म्हणजे लाकूड कुजलंय, तर बाकीची चर्चा नंतर.

आणि पश्चिमेची भिंत! जळगाव २१ अंश अक्षांशावर. मेअखेरीस भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला २ फुटी छज्ज्यात भागतं. पश्चिमेला साडेपाचचं ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. तिथे पडवी, उभ्या झडपा किंवा निंबाचं झाड हवं. नकाशावर ही चूक हमखास सापडते.

पावसाआधी आणखी दोघी येताहेत. बरण्या आम्ही पाठवतो, फावडी तुमच्याकडची.

तुमचे,
नकाशावाले